पुण्यातल्या मुंढव्याचं पासपोर्ट सेवा केंद्र: आईचा पहिला पासपोर्ट

आईला ६८व्या वर्षी पहिला पासपोर्ट काढायचा होता, दुबईला धाकट्याकडे जायचं म्हणून. आधी एका एजंटाकडे गेलो. नुसता फॉर्म भरायचे त्याने जे पैसे सांगितले ते ऐकून मी उठलोच. सरकारी वेबसाइटवर घरीच अर्ज भरता येतो. साठीपुढच्या नव्या अर्जदाराला १० टक्के सूट आहे, म्हणून १५०० ऐवजी १३५० रुपये लागले.

केंद्रात ए, बी, सी अशी तीन काउंटरं. ए वर टीसीएस (टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस) या खासगी कंपनीची माणसं फोटो, ठसे आणि कागदांचं स्कॅनिंग करतात. पासपोर्ट सेवेचं कंत्राट या कंपनीला २००८ मध्ये मिळालं. बी आणि सी वर मात्र सरकारी अधिकारी, मंजुरी त्यांचीच. ही वाटणी मला मनापासून पटते. नागरिकत्वाचा निर्णय कंपनीच्या हातात जाऊच नये.

मला धास्ती होती ठशांची. आईचा जन्म शेतात गेला, बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्यात. यंत्र दोनदा नाही म्हणालं. काउंटरवरच्या मुलीने ओल्या कपड्याने एकेक बोट पुसलं, "आजी, हात सैल सोडा, मी दाबते" म्हणाली आणि आपल्या हाताने बोट काचेवर टेकवलं. तिसऱ्या खेपेला ठसा उमटला. मागे रांग होती, पण तिने घाई केली नाही.

पुढे पोलीस पडताळणी झाली, पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आला. आईने तो देवापाशी ठेवलाय.

जाताना मूळ कागद सगळे न्या. आधार आणि जन्मदाखल्यावरचं नाव आधी ताडून बघा.