योजना खरी, क्लेम खरा, फक्त पडताळणी करणारा खोटा होता

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, जालना, कुठल्याबी एमआयडीसीत कामाला असलेल्या आणि सध्या ब्रेकवर, म्हणजे काम सुटून बसलेल्या भावांनो, हे पूर्ण वाचा. लांब झालंय पण वाचा, आणि ज्यांचा ईएसआयसीचा (कामगार राज्य विमा महामंडळाचा) बेरोजगारीचा क्लेम चालू आहे त्यांना तर दाखवाच.

मी मूळचा गेवराई तालुक्यातला, आठ वर्षं झाली रांजणगाव शेणपुंजीत खोली करून राहतो. एका व्हेंडर कंपनीत प्रेस शॉपला ऑपरेटर होतो, पगार साडेसोळा हजार. दिवाळीनंतर ऑर्डर कमी झाली आणि आमच्या शिफ्टच्या चौदा जणांना एकाच दिवशी गेटवर सांगितलं की उद्यापासून येऊ नका. फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशोबाचे पैसे मिळाले, त्यातले काही गावाकडं कापूस वेचणीच्या मजुरीला पाठवले आणि बाकीचे खात्यात ठेवले, म्हणलं दुसरं काम लागेपर्यंत खोलीभाडं आणि पोरीची फी तरी निघंल.

आमच्यातल्याच एका जुन्या माणसानं सांगितलं की आपल्या पगारातून ईएसआय कापतात ना, मग त्यात बेरोजगारीचे पण पैसे भेटतात. मला आधी खोटंच वाटलं कारण २०२२ ला ते प्रधानमंत्री बेरोजगारी भत्ता म्हणून महिन्याला ६००० देणार असा मेसेज फिरत होता आणि सरकारच्याच पीआयबी फॅक्ट चेकनं तो खोटा असल्याचं सांगितलं होतं, ते मला माहीत होतं. पण हे खरं निघालं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना नाव आहे, १ जुलै २०१८ ला चालू झाली, काम गेलं तर तुमच्या सरासरी रोजाच्या निम्मे पैसे जास्तीत जास्त ९० दिवसांचे भेटतात, आयुष्यात एकदाच. सुरुवातीला रोजाच्या २५ टक्केच होते, कोरोनात ५० केले. माझ्या पगारातून महिन्याला सव्वाशेच्या आसपास कापले जायचे आणि मी आठ वर्षं समजत होतो की ते फक्त दवाखान्याचे आहेत. आपल्या लोकांपैकी कितीतरी जणांना हे माहीतच नाही, म्हणून सांगतो, जो पात्र असंल त्यानं क्लेम जरूर करा, मी फसलो म्हणून तुम्ही हक्काचे पैसे सोडू नका.

तर काम गेल्यावर ३० दिवस झाले की क्लेम टाकता येतो, तसा मी टाकला. हिशोब सरळ होता, रोज ५५० धरला तर निम्मे २७५, आणि ९० दिवसांचे २४,७५०. घरी वहीत लिहून ठेवलं होतं.

आता माझी चूक कुठं झाली ते सांगतो, कारण फोन आला तिथं नाही झाली, त्याच्या आधीच झाली होती. कामगारांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, नऊशेच्या वर लोक, कुणी बनवला कुणालाच माहीत नाही, मला पण कुणीतरी ॲड केलं होतं. त्यात मी माझ्या क्लेमच्या कागदाचा फोटो टाकला आणि विचारलं की सगळं बरोबर भरलंय का बघा. त्या फोटोत नाव होतं, आयपी नंबर (ईएसआयचा विमा नंबर) होता, मोबाईल नंबर होता, कंपनी, कामाचा शेवटचा दिवस, सगळं. दोघा-तिघांनी अंगठा दाखवला, मी खूश झालो आणि विसरून गेलो.

दहा-बारा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला फोन आला. चांगली स्वच्छ मराठी, आवाजात घाई नाही, मला नावानं हाक मारली, आयपी नंबर वाचून दाखवला, कंपनीचं नाव सांगितलं, ब्रेकची तारीख सांगितली. म्हणला, दादा तुमची केस पात्रता फेरतपासणीला आलीय. तुमचे पैसे होतात चोवीस हजार सातशे पन्नास. अगदी माझ्या वहीतला आकडा! मग म्हणला, पण एका कॉन्ट्रिब्युशन पिरियडमधी तुमचे ७८ दिवस भरत नाहीत, ७४ च दिसतात, त्यामुळं केस अपात्रमधी चालली आहे, सोमवारी सकाळी यादी लॉक होणार, मी तुम्हाला आज वाचवू शकतो म्हणून फोन केला.

ही ७८ दिवसांची अट खरी आहे. नोकरी दोन वर्षं सलग ईएसआयमधी पाहिजे, आणि काम जायच्या आधीच्या सहा महिन्यांच्या हप्त्यात (यालाच कॉन्ट्रिब्युशन पिरियड म्हणतात) कमीत कमी ७८ दिवस भरलेले पाहिजेत, शिवाय दोन वर्षांतल्या बाकीच्या तीन हप्त्यांपैकी एकात पण ७८. मी हे वाचलेलं होतं. आणि मागच्या वर्षी वडलांच्या ऑपरेशनला मी वीस दिवस गावाकडं होतो, बिनपगारी, त्यामुळं तो ७४ म्हणला आणि माझ्या डोक्यात एकदम ते वीस दिवसच आले. पोटात गोळा आला. सहा महिन्यांत कामाचे दीडशे दिवस होतात, वीस गेले तरी एकशेतीस उरतात, एवढा हिशोब मला त्या टायमाला सुचला नाही.

आणि एक सांगतो, तो पडताळणी शब्द ऐकून मला वेगळं काहीच वाटलं नाही. लाडकी बहीणची ई-केवायसी झाली, पीएम किसानची झाली, राशनची झाली, गेली दोन-तीन वर्षं आपल्याकडं घरटी कुणी ना कुणी पडताळणीच्या रांगेत उभं आहे, सर्व्हर डाऊन आहे म्हणून परत येतंय. त्यामुळं पडताळणी म्हणलं की आपण मान खाली घालून मागतील ते देतो. त्या माणसाला हे बरोबर माहीत होतं.

त्यानं व्हॉट्सॲपवर एक फाईल पाठवली, नाव होतं पात्रता पडताळणी आणि शेवटी डॉट एपीके, म्हणजे ॲप टाकायची फाईल. चित्र तीन सिंहांचं. दाबलं तर फोननंच लाल अक्षरात सांगितलं की हे ॲप धोक्याचं असू शकतं. मी त्याला विचारलं पण, तर म्हणला दादा हे ऑफिसचं आतलं ॲप आहे, प्ले स्टोअरवर नसतंय, तुम्ही तरीपण इन्स्टॉल करा दाबा. मग ॲपनं परवानगी मागितली, मेसेज वाचायची, कॉलची, त्या माणसानं सगळ्याला अलाऊ दाबायला लावलं. पुढं फॉर्म आला, आधार नंबर, खाते नंबर, एटीएम कार्डावरचा नंबर, आणि शेवटी खातं चालू आहे का बघायला एक रुपया पाठवा म्हणून यूपीआयचा पिन. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं, पण तो म्हणला एकच रुपया आहे आणि तो पण वापस येतो.

घरची, म्हणजे बायको, भाकरी टाकीत होती. तिनं ऐकलं आणि म्हणली, ओ, सोमवारी ऑफिसात जाऊन इचारा की, येवढी काय घाई. मी तिच्यावर ओरडलो की तुला काय कळतंय यातलं. हे लिहिताना पण मला वाईट वाटतंय, पैशापेक्षा जास्त.

मग स्क्रीनवर एक हिरवी पट्टी आली, पडताळणी चालू आहे, ४७ टक्के. तो म्हणला दोन तास फोनला हात लावू नका, नेट चालू ठेवा, नाहीतर केस परत पहिल्यापासून. मी फोन चार्जिंगला लावून खिडकीत ठेवला. तो तापलेला होता, मधून मधून जाऊन बघत होतो, ४७ च. मेसेज एकबी आला नाही, ना ओटीपीचा ना बँकेचा, म्हणून मला शंकाच आली नाही. नंतर कळलं की मेसेज येत होते, ते ॲप ते परस्पर तिकडं पाठवीत होतं आणि माझ्या फोनवर दिसू देत नव्हतं.

रविवारी सकाळी किराणावर दूध आणि तेलाचा पाऊच घेतला, स्कॅन केलं, फेल. परत केलं, फेल. दुकानदार म्हणला बॅलन्स नाही दाखवतंय. एटीएमवर पळालो, मिनी स्टेटमेंट काढलं. वीस हजार, साडेएकोणीस हजार, अठराशे. शनिवारी रात्री आठ ते साडेआठच्या आत तिन्ही. ४१,३०० गेले, खात्यात २१२ रुपये. तो कागद मी अजून पाकिटात ठेवलाय.

तिथंच उभं राहून फोन एअरप्लेन मोडवर टाकला, घरी येऊन घरचीच्या मोबाईलवरून १९३० ला (सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर) लावला, तिसऱ्या टायमाला लागला. त्यांनी विचारलं ते लिहून ठेवा, कारण ऐनवेळी सापडत नाही: खाते नंबर, बँक, किती वाजता, किती रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा नंबर जो स्टेटमेंटवर असतो. तक्रारीचा नंबर मेसेजनं आला. मग एटीएम कार्डाच्या मागं जो नंबर असतो त्यावर फोन करून कार्ड आणि यूपीआय बंद केलं. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथं पण यांचेच नंबर टाकलेले असतात.

सोमवारी सायबरवाल्या साहेबांकडं गेलो, ते शांतपणे बोलले, रागावले नाहीत. स्टार हॅश २१ हॅश डायल करून कॉल दुसरीकडं वळवलेत का बघितलं, तर वळवलेले होते! हॅश हॅश ००२ हॅश डायल करून ते काढलं. ॲप उडवायच्या आधी त्यांनी फाईलचे, चॅटचे फोटो घेतले, म्हणून तुम्ही पण घाबरून लगेच फोन रिसेट मारू नका, आधी पुरावा दाखवा. ९,४०० रुपये पुढच्या एका खात्यात अडकवले गेले, बाकीचे त्याच रात्री एटीएममधून काढलेले होते. साहेब म्हणले, पहिल्या तासात फोन आला असता तर याच्यापेक्षा जास्त अडकले असते.

तिथून तसाच ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या मॅडमला सगळं सांगितलं. त्यांनी नंबर टाकून स्क्रीन माझ्याकडं फिरवली आणि बोट ठेवून दाखवलं, हा एप्रिल ते सप्टेंबर, हा ऑक्टोबर ते मार्च, हे तुमचे दिवस. ज्या हप्त्यात तो ७४ म्हणत होता तिथं १३१ होते. फेरतपासणी-बिरतपासणी काहीच नव्हती, माझा क्लेम नेहमीच्या रांगेत होता. मॅडम म्हणल्या, आम्ही तपासतो ते हेच, कंपनीनं भरलेली वर्गणी आणि काम कशामुळं गेलं ते, हे सगळं आमच्याकडं आधीच असतंय, तुमच्या मोबाईलमधून आम्हाला काय घ्यायचंय? मग त्यांनी क्लेममधलं खातं बदलून दुसऱ्या बँकेचं कसं टाकायचं ते सांगितलं आणि एका कागदावर १८००-११-२५२६ हा टोल फ्री नंबर लिहून दिला. शनिवारी मी दोन दिवस थांबलो असतो तर हे पाच मिनिटांचं काम होतं.

खोलीवर येऊन पहिलं काम केलं ते ग्रुपमधला माझा फोटो शोधला. डिलीट होईना, वेळ निघून गेली होती. वर सरकवत गेलो तर माझ्यासारखे कितीतरी कागद पडलेले, कुणाचं आधार, कुणाचं पासबुकचं पहिलं पान, कुणाची पगार स्लिप. मी एकेकाला पर्सनल मेसेज टाकला. आमच्या चौदापैकी तिघांना तसाच फोन आलेला निघाला, माणूस वेगळा पण ७८ दिवसांचं गाणं तेच. दोघांनी कट केला. तिसरे आमचे चाचा, वय पंचावन्नच्या पुढं, त्यांचे बारा हजार गेले होते, माझ्या दोन दिवस आधी, आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, घरी पण नाही. त्यांना मी म्हणलं चाचा माझे एकेचाळीस गेलेत, तुम्ही कशाला लाजता. काल आम्ही दोघांनी बसून सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इनवर त्यांची तक्रार भरली, उशीर झालाय पण भरली. ज्यांचं असं झालंय आणि गप्प बसलेत त्यांनी आजच १९३० ला लावा, आणि ग्रुपात तुमचा कागद पडला असंल तर आत्ता जाऊन बघा.