ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी: 'फाइन' शोधून बघा आणि मग ठरवा

डिक्शनरी कशी आहे हे तपासायचं तर अवघड शब्द शोधत बसू नका, अवघड शब्दाला बहुतेक वेळा एखादाच अर्थ असतो आणि तो कुठेही सापडतो. रोजचा साधा शब्द टाका. मी 'फाइन' टाकते, म्हणजे विशेषण फाइन, दंडवालं नाही (मुळात दोन्ही लॅटिन 'फिनिस'वरूनच आलेत, फिनिस म्हणजे शेवट).

एका भाषांतराच्या ॲपवर, नाव लिहीत नाही, मला उत्तर आलं: उत्तम, सुंदर, बारीक, ठीक, दंड. झालं, विषय संपला! यातलं चूक काहीच नाही, पण कोणी 'मोअर टी?' विचारलं आणि समोरचा 'आय ॲम फाइन, थँक्स' म्हणाला तर या पाचातलं काय लावायचं? तिथे तो सरळ 'नको, पुरे' म्हणतोय. यादी वाचून हे कळणं शक्यच नाही.

ऑक्सफर्डच्या साइटवर तोच शब्द उघडला की अर्थ सुटे सुटे केलेले दिसतात, प्रत्येकाखाली उदाहरणं, ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार ऐकायची सोय, आणि हे सगळं फुकट. पण मला खरी आवडलेली गोष्ट म्हणजे अर्थाच्या शेजारची बारीक सूचना, की या अर्थाने शब्द नामाच्या आधी येतो की नाही. लोक ती वाचतच नाहीत आणि तिथेच सगळं अडतं. 'अ फाइन सिंगर' म्हणजे गाणारी उत्तम आहे, आणि 'द सिंगर इज फाइन' म्हटलं की बहुतेक वेळा तिची तब्येत बरी आहे, काळजीचं कारण नाही, एवढंच. शब्द तोच, फक्त जागा बदलली!

'व्हेरी फाइन'चंही तसंच. पावडर व्हेरी फाइन असू शकते, माणूस 'हाऊ आर यू'च्या उत्तरात व्हेरी फाइन नसतो, तो 'जस्ट फाइन' किंवा 'ॲब्सोल्यूटली फाइन' असतो, आणि बरं नसेल तर सहसा 'नॉट व्हेरी वेल' म्हणतात. आपल्याकडे शिकलेसवरलेले लोकही इथे बिनधास्त व्हेरी फाइन म्हणतात, कारण शाळेत कोणी सांगितलेलंच नसतं. बाकी फाइन प्रिंट म्हणजे करारातल्या बारीक अक्षरातल्या अटी, फाइन वेदर म्हणजे पाऊस नसलेली, लख्ख हवा, हे उदाहरणांवरून पटकन समजतं.

ही डिक्शनरी शिकणाऱ्याच्या अडचणी ओळखते त्याला कारण आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठीच ती तयार केली, आधी 1942 मध्ये टोकियोत छापली आणि मग 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढली. छापील दहावी आवृत्ती 2020 ची आहे. ज्यांना तुटक व्याख्या रुक्ष वाटतात त्यांनी सोबत कोबिल्ड नावाची डिक्शनरीही ठेवा, ती 1987 ची, बर्मिंगहॅम विद्यापीठात खऱ्या वापरातली इंग्रजी कॉम्प्युटरवर गोळा करून केलेली, तिथे अर्थ अख्ख्या वाक्यात सांगतात, म्हणजे एखाद्याने असं असं म्हटलं तर त्याला अमुक म्हणायचं असतं, अशा पद्धतीने. नवशिक्याला ती जास्त जवळची वाटेल असं मला वाटतं.

सूर मात्र कुठल्याही डिक्शनरीतून पूर्ण कळत नाही, तो कानानेच शिकावा लागतो. 'दॅट्स अ फाइन एक्स्क्यूज' हा बहुतेक वेळा टोमणा असतो, कौतुक समजून थँक यू म्हणू नका. आणि मेसेजमध्ये नुसतं 'फाइन' लिहून पुढे पूर्णविराम दिला तर समोरच्याला तुम्ही चिडलात असंच वाटू शकतं, खरंच चालणार असेल तर 'दॅट्स फाइन बाय मी' लिहा.

इंग्रजी वाचता येतं पण बोलताना अडखळायला होतं अशा प्रत्येकाने ही साइट फोनवर सेव्ह करून ठेवावी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.