उत्तर-आधुनिक सिद्धान्तावरचा रेकॉर्डेड कोर्स: घ्या, पण तिसऱ्या भागापासून सुरू करा

समकालीन कलेतल्या उत्तर-आधुनिक सिद्धान्ताची फेरतपासणी करू म्हणणारा हा कोर्स पैसे वसूल करतो, मात्र क्रमाने पाहिलात तर कंटाळून सोडाल.

पहिले दोन भाग म्हणजे नावांची जंत्री. महाकथनांवरचा, म्हणजे सगळ्याचा उलगडा करू पाहणाऱ्या मोठ्या कथांवरचा विश्वास उडाला, असं फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारने १९७९ मध्ये मांडलं ते क्वेबेक सरकारसाठी ज्ञानव्यवहारावर केलेल्या अहवालात. इथे तेच वाक्य थेट इन्स्टॉलेशनला (जागेत मांडणी करून केलेल्या कलाकृतीला) चिकटवलंय. प्रतिमाच वास्तवाची जागा घेतात म्हणणाऱ्या फ्रेंच विचारवंत बोद्रियारचंही तसंच. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या काही चित्रकारांनी त्याला गुरू केलं आणि त्याने स्वतःच हात झटकले, हा गमतीचा भाग शिक्षकांनी गाळलाय!

तिसरा भाग मात्र अस्सल. वॉकर एव्हन्सने १९३६ मध्ये अलाबामात काढलेले फोटो कलाकार शेरी लेव्हिनने १९८१ मध्ये कॅटलॉगमधून पुन्हा टिपले. 'लेखकाचा मृत्यू' (कृतीचा अर्थ तिच्या कर्त्यावरून ठरत नाही, ही कल्पना) म्हणून मोकळं न होता शिक्षक आधी प्रत बघायला लावतात: निगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंटमधले करडे टोन छापील पानावरून पुन्हा टिपताना कुठे दबतात? मग येतो अमेरिकी कलाकार जेफ कून्सचा १९९२ चा कॉपीराइट खटला. पिल्लं घेतलेल्या जोडप्याच्या फोटोवरून त्याने शिल्प केलं आणि समाजाचं विडंबन म्हणून बचाव मांडला. कोर्टाने मानलं नाही: विडंबनाचा रोख निदान अंशतः तरी मूळ फोटोवर हवा. सिद्धान्त कुठवर पोचतो, ते इथे लख्ख दिसतं.

पण गाडी तिथेच थांबते. पॉप कलाकार अँडी वॉरहॉलच्या फाउंडेशनविरुद्धचा २०२३ चा ७-२ निकाल नाही, ही मोठी उणीव. त्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने शैली किती बदलली यापेक्षा वापराचा हेतू पाहिला: मासिकाला गायक प्रिन्सचं चित्र पुरवणं हेच, ज्या फोटोवरून वॉरहॉलने ते केलं त्या मूळ फोटोचंही काम होतं.

स्वाध्यायही ढिला आहे. 'विरचना करा' म्हणजे नेमकं काय, कुणीच सांगत नाही. त्याऐवजी असं करा: एक कलाकृती घ्या, माध्यम, आकार, साल आणि प्रतिमा कुठून उचलली एवढंच शंभर शब्दांत लिहा. मग एकच संकल्पना लावा. कलाकाराचं नाव बदलून तेच वाक्य दुसऱ्या कामालाही चालत असेल, तर खोडा. प्रदर्शनातले बरेचसे भिंतीवरचे मजकूर या चाळणीत गळतील.

सबटायटल बंदच ठेवा. 'सिम्युलाक्रम' (बोद्रियारचा शब्द: मूळच नसलेली प्रत) दर वेळी नव्या रूपात उमटतो.