ब्रोच झकास, हातोडा ठीकठाक, 'व्हायकिंग होकायंत्र' मात्र घेऊ नका

कोपनहेगनच्या नॅशनल म्युझियममधून नुकतंच बाहेर पडल्यावर माणसाने दुकानात शिरू नये, मी शिरलो. डोक्यात सगळी ती तिथली व्हायकिंग काळातली मामेनची कुऱ्हाड, लोखंडात चांदीची बारीक तार ठोकून बसवलेली, आणि समोर व्हायकिंग दागिन्यांच्या प्रतिकृतींचं छोटंसं दुकान, मग काय, खिसा हलका. दुकानाचं नाव देत नाही कारण खाली थोडी कुरकुर आहे. तीन वस्तू घेतल्या, सगळं मिळून ११४० क्रोनर.

आधी ब्रोचबद्दल, कारण पैसे खरे वसूल झाले ते इथेच. ब्राँझचा आहे, उर्नेस या व्हायकिंग नक्षीच्या शैलीतला, जाळीदार. लांबून बघितलं तर नुसती वेटोळी, कोणीतरी दोऱ्याचा गुंता करून ठेवलाय असं वाटतं. पण बोट ठेवून एक रेघ धरा आणि सोडू नका. जाड रेघ म्हणजे लांबसडक, शिकारी कुत्र्यासारखा बारीक कमरेचा प्राणी, पातळ रेघ म्हणजे त्याला विळखा घातलेला साप, आणि दोघं मिळून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फास करतात, एकदा वरून, एकदा खालून, कुठेही चुकत नाही. डोळा बदामासारखा, जवळजवळ अख्खं डोकं व्यापणारा, टोक नाकाकडे. मी हॉटेलवर येऊन अर्धा तास हेच करत बसलो, बायको म्हणाली जेवायला चल आता!

प्रतिकृती चांगली की नुसता 'व्हायकिंग टाइप' माल, हे ओळखायची माझी एकच कसोटी, रेघेचा माग लागला पाहिजे. स्वस्त मालात गाठ मध्येच गायब होते नाहीतर प्राण्याला शेपूट असते पण डोकं नसतं. हा ब्रोच ठामपणे पास.

कार्डावर मात्र लिहिलंय 'उर्नेस शैली, ९वं शतक'. अहो, उर्नेस ही सगळ्यात शेवटची शैली, ११व्या शतकाच्या उत्तरार्धातली. नाव नॉर्वेतल्या उर्नेसच्या लाकडी चर्चवरून पडलं, तिथल्या दरवाज्यावरचं जुनं कोरीवकाम बघा, हाच प्राणी मोठ्या आकारात दिसेल. ९व्या शतकातलं हवं असेल तर ओसेबर्ग आणि बोरे शैली, तिथला प्राणी अगदी वेगळा, गुटगुटीत, आणि पंजांनी जे हाताला लागेल ते पकडणारा, चौकट, शेजारी, काहीच नसेल तर स्वतःचाच गळा. या दोन टोकांच्या मधे जेलिंग, मामेन, रिंगेरिके या शैली. म्हणजे कार्ड लिहिणाऱ्याने दोनशे वर्षं सहज गिळली. दुकानातल्या बाईंना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, कार्डं छापून येतात. बरं.

पिनचं तोंड जरा सैल आहे, जाड लोकरीवर बसते, शर्टावर सारखी घसरते. तसं मूळ ब्रोचही लोकरीच्या झग्याला लावायचेच होते, त्यामुळे ही तक्रार अर्धीच धरा.

दुसरा थॉर या व्हायकिंग देवाचा हातोडा, गळ्यात घालायचा, चांदीचा. स्वीडनच्या स्कोने भागात सापडलेल्या प्रसिद्ध हातोड्याची नक्कल, वरच्या बाजूला शिकारी पक्ष्याचं तोंड आणि वटारलेले डोळे. वजन छान, साखळीही मजबूत. पण मूळ वस्तूत नक्षी म्हणजे चांदीच्या बारीक तारा आणि दाणे एकेक करून डाखलेले आहेत, हा मात्र साच्यात ओतलेला, त्यामुळे तारांच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात, भिंगाशिवायही कळतं. हाताने केलेलं घ्यायचं तर किंमत कुठल्या कुठे जाईल हे मान्य, पण मग पाटीवर 'फिलिग्री' (म्हणजे असं तारकाम) लिहू नका ना, 'फिलिग्रीसारखं' लिहा. ओतकाम कमीपणाचं आहे असं मुळीच नाही, डेन्मार्कमधल्या रिबे गावाच्या उत्खननात कारागिरांचे ब्रोच ओतायचे मातीचे साचे फुटक्या तुकड्यांच्या रूपाने ढिगाने मिळालेत, म्हणजे तेव्हाही एका नमुन्यावरून माल निघतच होता.

हातोड्यावरून आठवलं, २०१४ मध्ये डेन्मार्कच्या लोलान बेटावर एक हातोडा सापडला, त्यावर रून या व्हायकिंगांच्या लिपीत काय कोरलंय तर 'हा हातोडा आहे'. कोणाला शंका होती काय माहीत!

तिसरी वस्तू मित्रासाठी, 'व्हायकिंग होकायंत्र', म्हणजे ते आठ काट्यांचं वेगविसिर. इथे मीच हात दाखवून अवलक्षण केलं, कारण मला माहीत होतं की हे चिन्ह १८६०च्या आइसलंडिक हस्तलिखितातलं आहे, व्हायकिंग काळ संपून जवळजवळ ८०० वर्षं झाल्यावरचं. पण मित्राला तेच पाहिजे होतं. पितळेवर पातळ चांदीचा मुलामा, आठवडाभरात मानेला हिरवा डाग, फोटो पाठवलाय त्याने. दुकानाला मेल केला, दोन दिवसांत पैसे परत आले, वस्तू परत मागितली नाही. ही गोष्ट त्यांच्या बाजूने लिहायलाच हवी.

ब्रोचला पाचपैकी साडेचार, हातोड्याला तीन, होकायंत्राला शून्य, सर्व्हिसला चार. गेलात तर काउंटरच्या डावीकडचा काचेचा ट्रे आधी बघा, कार्डं न वाचता.