मायक्रोटिक हॅप एएक्स टू : ऑफिसातले आयपी आणि डीएनएस धड लावायचे असतील तर हाच घ्या

वायफायचा स्पीड किती येतो यावर मी लिहिणार नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने पडलेत. आम्ही हा राउटर घेतला तो चुलत भावाच्या अकाउंटिंगच्या ऑफिससाठी. तिथे फायबरवाल्याचा फुकटातला राउटर होता आणि रोज काहीतरी रडगाणं, प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय, टॅलीचं सर्व्हर सापडत नाही, कारण लाइट जाऊन आली की सगळ्यांचे आयपी (नेटवर्कमधले प्रत्येक मशीनचे पत्ते) बदलायचे.

मायक्रोटिक ही लॅटव्हियाची कंपनी, १९९६ पासूनची. छोट्या राउटरमध्येही ते तेच राउटरओएस (राउटर चालवणारी त्यांची सिस्टीम) देतात जे त्यांच्या मोठ्या मशीनवर चालतं, त्यामुळे पहिल्यांदा मेनू बघून डोकं गरगरतं हे खरंय. पण पत्ते वाटायचं काम इतकं स्वच्छ मी दुसरीकडे बघितलं नाही. नवा राउटर १९२.१६८.८८.१ वर असतो आणि शेवटचा आकडा १० ते २५४ एवढे पत्ते डीएचसीपीने (मशीनना आपोआप पत्ते द्यायची सोय) वाटतो, म्हणजे २ ते ९ मोकळेच. प्रिंटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र), टॅलीचं मशीन यांना तिथे बसवायचं. डीएचसीपी सर्व्हरच्या लीजेसमध्ये, म्हणजे वाटलेल्या पत्त्यांच्या यादीत, प्रिंटरची ओळ शोधून 'मेक स्टॅटिक' दाबा, मग तीच ओळ उघडून शेवटचा आकडा ५ करा आणि प्रिंटर बंद करून चालू करा. बस. प्रिंटरच्या इवल्याशा स्क्रीनवर आकडे टाकत बसायला नको.

नावांचंही तसंच सोपं. नावावरून पत्ता शोधून देतं ते डीएनएस. डीएनएसच्या स्टॅटिक यादीत 'राउटर.लॅन' आधीपासून असतं, त्याच्याखाली 'टॅली.लॅन', 'प्रिंटर.लॅन' टाकलं की ऑफिसात कुणालाच आकडे पाठ करावे लागत नाहीत. नावाच्या शेवटी .लोकल मात्र लावू नका, ते एमडीएनएससाठी (मशीननी राउटरला न विचारता आपसात नावं शोधायची पद्धत) राखून ठेवलंय आणि मग नाव कधी सापडतं कधी नाही. आणि कुणाच्या अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला एखाद्या सर्व्हरचं नाव टाकलेलं असेल तर तो फोन राउटरला विचारतच नाही, तिथे टॅली.लॅन उघडणार नाही, राउटरला दोष देऊ नका.

फायबरवाल्याचा राउटर ब्रिजवर टाकून, म्हणजे तो नुसती लाइन पुढे देईल असं करून, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने नेट जोडायची पद्धत) इथेच लावलं. हाताने लावणार असाल तर पीपीपीओईचा इंटरफेस 'वॅन'च्या (बाहेरच्या नेटची बाजू) इंटरफेस लिस्टमध्ये घालायलाच हवा, नाहीतर कनेक्टेड दिसतं आणि नेट चालत नाही, बरेच जण इथेच अडकतात. फायबर कंपनीचे डीएनएस दुपारी रखडायचे म्हणून 'यूज पीअर डीएनएस'ची टिक काढून १.१.१.१ आणि ९.९.९.९ हे सगळ्यांसाठी खुले डीएनएस टाकले, राउटर उत्तरं कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतो त्यामुळे फरक लगेच जाणवला.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. व्हिडिओ बघून डिफॉल्ट कॉन्फिग पुसून टाकू नका! डीएनएसमधलं 'अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स' (इतर मशीनना राउटरला नावं विचारू देणं) ऑफिससाठी चालू लागतंच, पण बाहेरून येणारं सगळं अडवणारा फायरवॉलचा नियम गेला की तुमचं पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचं दार, अख्ख्या जगाला उघडं, मग कुणीही तुमच्या राउटरकडून तिसऱ्यावरच डीएनएसच्या उत्तरांचा मारा करवतो आणि तुमचं नेट मात्र मुंगीच्या पावलाने चालतं.

मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे विनबॉक्स, कॉम्प्युटरवरून राउटरची सेटिंग करायचं मायक्रोटिकचं सॉफ्टवेअर. आयपी चुकीचा पडला तरी केबल लावून मॅक ॲड्रेसवरून (हार्डवेअरचा स्वतःचा पत्ता) आत जाता येतं, रीसेटची पिन शोधायला नको. शिवाय 'सेफ मोड' दाबून बदल केले आणि मध्येच कनेक्शन तुटलं तर राउटर ते बदल आपोआप मागे घेतो.

घरी फक्त नेट हवंय आणि सेटिंगला कुणी हात लावणार नाही अशांनी यावर पैसे घालू नयेत. पण ऑफिस, क्लिनिक, क्लास, जिथे प्रिंटर-कॅमेरे-सर्व्हर आहेत आणि एखादा तरी माणूस शिकायला तयार आहे, तिथे बिनधास्त घ्या. सगळं लागलं की कॉन्फिगचा एक्स्पोर्ट काढून पेनड्राइव्हवर ठेवा आणि अपडेट वेळच्या वेळी करत जा.