नळावरचा पांढरा थर: ॲसिड की व्हिनेगर?
बोअरवेलच्या जड पाण्यामुळे न्हाणीघरातील नळांवर जो पांढरा थर साचतो, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने साबणाने जात नाही, आम्लानेच विरघळतो. बाजारात मिळणारे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, तो झटकन काढते खरे. पण त्याबरोबर नळाचा क्रोमचा मुलामा आणि फरश्यांच्या सांध्यांतील सिमेंटही खाते. व्हिनेगरात सुमारे ५ टक्केच आम्ल असते. त्यात भिजवलेले फडके तोटीला अर्धा तास गुंडाळून ठेवले, की बारीक बुडबुडे येत थर मऊ पडतो आणि जुन्या टूथब्रशने सहज निघतो. माझी पसंती निःसंशय व्हिनेगरलाच. ब्लीचिंग पावडरशी मात्र यांपैकी काहीही मिसळू नये, कारण विषारी क्लोरीन वायू सुटतो. आणि संगमरवरावर दोन्ही वर्ज्य, तो दगडही कॅल्शियम कार्बोनेटचाच.