हाऊसबोटीचं बुकिंग: रिफंडच्या क्यूआर कोडवर पिन टाकू नका

केरळातल्या आलेप्पीची हाऊसबोट, दोघांसाठी एक रात्र, जेवणखाण धरून 10,500 रुपये. ही जाहिरात मोबाईलवर बघून बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका जोडप्याने फोन लावला आणि 21,000 घालवून बसले. पलीकडचा माणूस स्वच्छ मराठीत बोलत होता. 'मी निपाणीचाच, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानावर आलो आणि इथंच राहिलो.' विटा-आटपाडीकडचे गलाईवाले केरळात आहेतच, त्यामुळे शंका आली नाही. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की आपण सीमाभागातले लोक लगेच विश्वास टाकतो, आणि नेमकं तेच हेरलं जातं.

आधी 3,500 ॲडव्हान्स. दोन दिवसांनी डिपॉझिट म्हणून 7,000, 'बोटीत चढताना परत'. मग निरोप आला, बोट दुरुस्तीला गेली, सगळे पैसे परत करतो. सोबत क्यूआर कोड, त्याखाली ठळक अक्षरात 'रिफंड 10,500'. स्कॅन केल्यावर रक्कम आधीच भरलेली, फक्त पिन टाकायचा. टाकला, आणि तेवढेच पैसे पुन्हा गेले. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार, कोडखाली काहीही लिहिलेलं असो.

बोटीचा फोटो नीट बघितला असता तरी कळलं असतं. मागे बर्फाचे डोंगर होते, कोरीव लाकडी सज्जा होता. ती काश्मीरची दल सरोवरातली हाऊसबोट, एका जागी बांधलेली. आलेप्पीची बोट म्हणजे केट्टुवल्लम: फळ्या काथ्याने शिवलेल्या, वर बांबू-चटईचं छप्पर, आणि आजूबाजूला सपाट भातशेती, नारळ.

पैसे देण्याआधी बोटीचा नोंदणी क्रमांक मागा. तिथल्या बऱ्याच बोटींचे क्रमांक 'केआयव्ही' अक्षरांनी सुरू होतात आणि बोटीवर रंगवलेले असतात. व्हिडिओ कॉलवर तो क्रमांक, खोली आणि लाइफ जॅकेट दाखवायला सांगा. खरा बोटवाला पाच मिनिटांत दाखवतो, खोटा रेंज नाही म्हणतो. क्रमांकाचा आग्रह जिवासाठीही धरा. 7 मे 2023 ला केरळातच तानूरला 22 जण बुडाले, ती मासेमारीची नाव बदलून पर्यटकांसाठी केलेली होती. यूपीआयवर दिसणारं नाव आणि बिलावरचं नाव जुळतं का बघा. जीएसटी क्रमांक दिला तर पोर्टलवर फुकट तपासता येतो.

बोट खरी असली तरी '21 तासांची सफर' या शब्दांना भुलू नका. साधारण दुपारी 12 ला चढायचं, सकाळी 9 ला उतरायचं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कोळ्यांची जाळी पडतात, म्हणून बोट काठाला बांधतात. प्रत्यक्ष फिरणं चार-पाच तासांचंच. स्वस्त बोटीत एसी बहुधा रात्री 9 ते सकाळी 6. अरुंद कालव्यात मोठी बोट जात नाही, तिथं शिकारा वेगळा घ्यावा लागतो. हे सगळं आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 ला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ती गोठवता येते. मग बँकेला कळवा आणि बेळगावच्या सीईएन (सायबर गुन्ह्यांच्या) पोलीस ठाण्यात तक्रार द्या. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, फोन नंबर आणि क्यूआरचा फोटो सोबत न्या. त्या जोडप्याने घरच्यांना कळू नये म्हणून चॅट पुसून टाकलं होतं, आणि क्यूआर कोड त्यातच होता.